माणूस चुकतो कुठे आणि कळवळतो कुठे

शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत आपल्या पायांवर उभं राहतं. धडपडतं, कोलमडतं, पण उभं राहतं. माणसाच्या बाळाला नुसती मान धरायलाच तीन-चार महिने लागतात. पालथं पडणं, रांगणं, धरून उभं राहणं, पहिलं पाऊल यात वर्ष जातं, आणि त्यानंतरही स्वतःचं पोट स्वतः भरता येईल इतकी अक्कल आणि ताकद यायला बारा-पंधरा वर्षं लागतात. इतका काळ दुसऱ्याच्या जिवावर जगणारं पिल्लू प्राण्यांच्या जगात दुसरं नाही.

माणूस असणं म्हणजे काय, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याची उत्तरं बहुतेक वेळा भारदस्त असतात. विचार करणारा प्राणी, बोलणारा प्राणी, हत्यारं घडवणारा प्राणी. यातल्या शेवटच्या उत्तराची हवा १९६० साली गेली. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात संशोधक जेन गुडॉल यांनी एक चिंपांझी वारुळात गवताची काडी खुपसून तिला चिकटलेली वाळवी चाटून खाताना पाहिला. चिंपांझी पानं ओरबाडून डहाळीची काडी करतात, म्हणजे हत्यार घडवतात, हेही त्यांना दिसलं. बाकीच्या उत्तरांनाही थोडेफार तडे गेलेले आहेतच. तेव्हा उलट्या बाजूने सुरुवात केलेली बरी. माणसाला काय जमतं हे बाजूला ठेवू आणि काय जमत नाही ते पाहू.

आपल्या आत एक चांगला माणूस आणि एक वाईट माणूस राहतो, दोघांची सतत झुंज चाललेली असते, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. मला ते पटत नाही. ज्या गोष्टींमुळे आपण चुकतो, विसरतो, घाबरतो, आपपरभाव करतो, त्याच गोष्टींमधून आपल्याला दुसऱ्याचा कळवळाही येतो. मूळ एकच आहे. आणि म्हणूनच त्या कळवळ्यातही ठिकठिकाणी खोट असते.

अर्धवट जन्म

जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूचं वजन साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम भरतं. मोठ्या माणसाचा मेंदू तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. चिंपांझीचं पिल्लू प्रौढ मेंदूच्या सुमारे ४० टक्के मेंदू घेऊन जन्मतं, आपण ३० टक्क्यांपेक्षाही कमी. राहिलेली सगळी वाढ बाहेरच्या जगात, लोकांच्या गराड्यात व्हायची असते.

असं का, याची जुनी उपपत्ती अशी: माणूस दोन पायांवर चालू लागला, त्यासाठी कंबरेच्या हाडाची ठेवण बदलली, दुसरीकडे डोकं मोठं होत गेलं, मग बाळाला लवकर बाहेर पडणं भाग पडलं. २०१२ मध्ये हॉली डन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी बाजू मांडली. गर्भाला पोसण्यासाठी आईचं शरीर किती ऊर्जा पुरवू शकतं याला मर्यादा असते, आणि नवव्या महिन्याच्या आसपास ती मर्यादा गाठली जाते. दोन्ही बाजूंचे अभ्यासक आजही वाद घालत आहेत. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की कारण कोणतंही असलं तरी असं मूल एकट्या आईच्याने वाढत नाही.

मानवशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. चिंपांझीची आई पहिले काही महिने पिल्लाला क्वचितच दुसऱ्याच्या हाती देते. माणसाचं बाळ मात्र आजी, मावशी, मोठी बहीण, शेजारीण अशा कितीतरी हातांतून फिरतं. हर्डी म्हणतात, याचा परिणाम बाळावरही होतो. ज्याला अनेकांच्या मर्जीवर जगायचं आहे, त्याला चेहरे वाचता यायला हवेत. कोण आपल्याकडे पाहून विरघळतं, कोणाचा मूड आज ठीक नाही, कोणाकडे पाहून हसलं की काम होतं, हे ज्या बाळांना कळलं ती जगण्याची शक्यता जास्त. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखण्याचं आपलं कसब अशा गरजेतून आलं असावं. मुळात ते परोपकारासाठी नव्हतंच, जीव वाचवण्यासाठी होतं. करुणेचा उगम असा काहीसा स्वार्थी आहे म्हणून तिची किंमत कमी होते असं मला वाटत नाही, पण उगम लपवण्यातही अर्थ नाही.

हे कसब पुढे किती लवकर दुसऱ्याच्या उपयोगी पडायला लागतं ते फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवलं. दीड वर्षाच्या मुलांसमोर एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालतो आणि त्याच्या हातून चिमटा खाली पडतो. तो हात लांब करतो, पोहोचत नाही. बहुतेक मुलं दुडुदुडु जाऊन चिमटा उचलून देतात. कुणी सांगितलेलं नसतं, बक्षीसही नसतं. त्याने चिमटा मुद्दाम फेकला असेल, तर मुलं सहसा उठत नाहीत. म्हणजे पडलेला चिमटा आणि फेकलेला चिमटा यातला फरक दीड वर्षाच्या जिवाला कळतो.

हाडांमधला पुरावा

जॉर्जिया देशातल्या द्मानिसी इथे एक कवटी सापडली आहे, सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीची. हा प्राणी आपला फार दूरचा पूर्वज किंवा त्याचा भाऊबंद. त्याच्या तोंडात एक दात सोडला तर काही उरलेलं नाही, आणि दात गेल्यावर जबड्यातल्या खोबणी भरून हाड गुळगुळीत झालेलं आहे. खोबणी भरायला काळ लागतो. म्हणजे दात गेल्यावरही हा म्हातारा, किंवा म्हातारी, काही वर्षं जगली.

इराकच्या कुर्दिस्तानात शानिदार नावाची गुहा आहे. १९५७ साली तिथे एका निअँडरथल पुरुषाचा, म्हणजे आपल्या जवळच्या पण आता नामशेष झालेल्या मानवजातीतल्या पुरुषाचा, सांगाडा मिळाला. वय चाळिशीच्या पुढे, त्या काळाच्या मानाने वृद्ध. तरुणपणी कधीतरी डोक्याला जबर मार बसून डाव्या डोळ्याची खोबण चेपलेली, त्यामुळे तो डोळा बहुधा निकामी. उजवा हात वाळलेला आणि कोपराजवळ संपलेला. पाय अधू. कानांच्या नळ्यांमध्ये हाड वाढलेलं, त्यामुळे बहुतेक बहिराही. असा माणूस शिकार करू शकत नव्हता, धोका आला तर पळू शकत नव्हता, मागून आलेलं जनावर त्याला ऐकू गेलं नसतं. तरीही या जखमा भरून आल्यावर तो अनेक वर्षं जगला.

आणखी एक उदाहरण आपल्याच जातीचं, बोर्निओ बेटावरचं. सुमारे ३१ हजार वर्षांपूर्वी तिथे एका लहान वयाच्या व्यक्तीचा डावा पाय पोटरीपासून कापला गेला होता. अपघातात तुटला तर हाड चिरडतं, इथे काप स्वच्छ होता. हाड नीट भरून आलं होतं, आणि त्यानंतर ती व्यक्ती सहा ते नऊ वर्षं जगली. हा शोध २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. डोंगराळ, पावसाळी जंगलात एका पायाचं मूल इतकी वर्षं जगतं, याचा अर्थ कोणीतरी जखम धुतली, कोणीतरी त्याला उचलून नेलं.

इथे थोडं सावध राहायला हवं. तुटून जुळलेलं मांडीचं हाड हीच संस्कृतीची पहिली खूण, अशी एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ऐकायला छान आहे, पण जंगलातल्या वानरांचीही मोडून जुळलेली हाडं सापडतात, आणि त्यांना कोणी भरवत नव्हतं. नुसतं जुळलेलं हाड पाहून शुश्रूषा सिद्ध होत नाही. शानिदारच्या माणसाच्या बाबतीत एक जखम नाही, जखमांचा ढीग आहे, म्हणून तिथे हा तर्क जास्त टिकतो. दुसरी गोष्ट, निअँडरथल म्हणजे आपण नव्हे. तेव्हा आजाऱ्याला सांभाळणं हे फक्त आपल्या जातीचं वैशिष्ट्य, असा तोराही मिरवता येत नाही.

विसरभोळा मेंदू आणि त्याची कल्पना

आता माणसाच्या सर्वांत परिचित दोषाकडे येऊ. आपल्याला नीट आठवत नाही, आणि आठवत नाही हे कळतही नाही.

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. नंतर एका गटाला विचारलं, ‘गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता?’ दुसऱ्या गटाला तोच प्रश्न, फक्त ‘धडकल्या’च्या जागी चक्काचूर सुचवणारा जोरकस शब्द. तिसऱ्या गटाला वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का? ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण हो म्हणाले, काहीच न विचारलेल्या ५० पैकी ६ जण, आणि जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. हे सोळा जण खोटं बोलत नव्हते, त्यांना ती काच खरंच आठवत होती.

मेंदू आठवण साठवून ठेवत नाही, दर वेळी नव्याने जुळवतो. तुकडे असतात, मधल्या जागा तो अंदाजाने भरतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हे भयंकर ठरतं. निरपराध लोक डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीवरून तुरुंगात गेलेले आहेत.

मग असा गलथान कारभार उत्क्रांतीत टिकला कसा? एक उत्तर २००७ मध्ये डेमिस हासाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा होऊन स्मृती गेलेल्या रुग्णांना त्यांनी कधीच न घडलेल्या प्रसंगाची कल्पना करायला सांगितली. पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर पडून आहात, आजूबाजूला काय दिसतं ते सांगा. बहुतेकांना ते चित्र उभंच करता येईना. सुटेसुटे तुकडे यायचे, पण त्यांचा मिळून देखावा होत नव्हता. म्हणजे मागचं आठवणं आणि कधीच न पाहिलेलं मनात उभं करणं, ही दोन्ही कामं बऱ्याच अंशी एकच यंत्रणा करते. तुकडे मोडून नव्याने जुळवता येतात म्हणून कल्पना करता येते, आणि म्हणूनच आठवणीत न फुटलेली काचही शिरते.

स्मृती गेलेल्यांना दुसऱ्याचं दुःख कळत नाही, असा याचा अर्थ मुळीच काढू नये. अशा रुग्णांना समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं, हेही तपासून पाहिलेलं आहे. समोर रडणारा माणूस पाहून गलबलायला कल्पनाशक्ती फारशी लागतच नाही. समोर नसलेल्याचं काय? दूरच्या देशातल्या छावणीत रात्र कशी जात असेल, अजून न जन्मलेल्यांना हे जग कसं मिळेल, आपण आत्ता जे बोललो ते घरी गेल्यावर त्याला कसं टोचेल, यासाठी न पाहिलेला देखावा मनात उभा करावा लागतो. खोट्या काचा दाखवणारा मेंदूच ते करू शकतो.

आणि हीच ताकद छळ करणाऱ्यालाही लागते, हे विसरून चालणार नाही. कोणाला कुठे दुखेल हे ज्याला नेमकं कळतं, तोच नेमकं तिथे मारू शकतो. दुसऱ्याचं मन ओळखणं म्हणजे करुणा नव्हे. ती त्यापुढची पायरी आहे, आणि तिथवर सगळे पोहोचतातच असं नाही.

दुःख पाहिल्यावर आत काय होतं

टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये काही जोडप्यांवर प्रयोग केला. बाईला स्कॅनरमध्ये ठेवलं, जोडीदार शेजारी बसलेला. कधी तिच्या हाताला विजेचा हलका झटका, कधी त्याच्या. त्याला झटका बसतोय हे नुसतं कळल्यावर तिच्या मेंदूतले काही भाग असे जागे होत की झटका जणू तिलाच बसलाय. सगळे भाग नाही. हाताच्या कोणत्या जागी, किती तीव्र, हे नोंदवणारे भाग गप्प होते. वेदनेतला ‘नको, असह्य’ हा जो अंश असतो, तोच तिच्यापर्यंत पोहोचत होता.

इथवर ठीक. पण दुसऱ्याचं दुःख आपल्या अंगावर आलं की माणूस पुढे दोनपैकी एका वाटेने जातो. एका वाटेवर त्याला स्वतःचाच त्रास असह्य होतो आणि तो तोंड फिरवतो, वाहिनी बदलतो, आजाऱ्याला भेटायला जायचं टाळतो. ‘मला बघवत नाही’ हे वाक्य आपण हळवेपणाचं लक्षण समजतो. पण त्या वाक्याचा कर्ता ‘मी’ आहे, आजारी माणूस नव्हे. दुसऱ्या वाटेवर लक्ष समोरच्याकडे राहतं: याला आत्ता काय हवंय? पाणी, कूस बदलून देणं, की नुसतं शेजारी बसणं?

सिंगर यांच्यासोबत ओल्गा क्लिमेकी यांनी पुढे हे ताडून पाहिलं. काही स्वयंसेवकांना आधी दुसऱ्याच्या वेदनेशी समरस होण्याचा सराव दिला, तेव्हा दुःखद चित्रफिती पाहताना त्यांचं खचणं वाढलं. मग त्यांनाच समोरच्याचं भलं चिंतण्याचा, आपुलकीचा सराव दिला, तेव्हा त्यांना बरं वाटू लागलं, आणि मेंदूतल्या हालचालीचा नकाशाही वेगळा दिसला. थेरवादी बौद्ध आचार्यांनी ही गोष्ट कित्येक शतकं आधी हेरली होती. करुणेचे दोन शत्रू, असं ते सांगतात. लांबचा शत्रू क्रूरता, तो सहज ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक, जो करुणेसारखाच दिसतो आणि म्हणून फसवतो.

रुग्णसेवेत वर्षानुवर्षं काढणाऱ्या लोकांचा कडेलोट होतो तो बहुधा या फरकापाशी. माया आटली म्हणून ते कोरडे पडतात असं वरून दिसतं. आतलं कारण अनेकदा उलटं असतं: प्रत्येकाचं दुखणं स्वतःच्या अंगावर घेत राहिल्याने ते मोडतात.

कुठे कमी पडते

करुणेचं कौतुक भरपूर झालेलं आहे, तेव्हा तिचे दोष जरा सविस्तर पाहू.

पहिला दोष घाईचा. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. प्रत्येकाला शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली भल्या शोमरोनी माणसाची कथा, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची. जाण्याच्या वाटेवर एक माणूस दारापाशी वाकून पडलेला, खोकत, कण्हत. ज्यांच्या हाताशी वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं होतं, त्यांच्यापैकी १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने लक्षात येईल असा फरक पडला नाही. परोपकाराच्या कथेवर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला ओलांडून गेले.

हे वाचून माणूसजातीवर खेकसायची इच्छा होते, पण एक आकडा दुसऱ्या बाजूचाही आहे. गर्दीत कोणी कोणाच्या मदतीला येत नाही हे आपण धरूनच चालतो. २०१९ मध्ये रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी तीन देशांतल्या शहरांमधल्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, एकूण २१९ प्रसंग. दहातल्या नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी निदान एकाने मध्ये पडून काहीतरी केलं: हात धरला, बाजूला ओढलं, पडलेल्याला उठवलं.

दुसरा दोष हिशेबाचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. करुणेला एक चेहरा दिसतो, दहा हजार चेहरे दिसत नाहीत. २००७ च्या एका अभ्यासात डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातून भूकबळींसाठी किती द्याल असं विचारलं. एका गटाला एका मुलीचा फोटो आणि नाव दाखवलं. त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. दुसऱ्या गटाला लाखो उपाशी लोकांची आकडेवारी दिली. त्यांनी १.१४. मग तिसऱ्या गटाला दोन्ही एकत्र दिलं, मुलीचा फोटोही आणि आकडेही. देणगी वाढायला हवी ना? ती १.४३ वर आली. आकड्यांनी त्या एका मुलीबद्दलची मायाही पातळ केली. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या सीरियन बालकाचा फोटो जगभर पोहोचला, तेव्हा निर्वासितांसाठीच्या देणग्यांना पूर आला. त्याआधी चार वर्षं युद्ध चालू होतं आणि लाखांवर माणसं मेलेली होती. काही आठवड्यांत तो पूर ओसरला. युद्ध ओसरलं नव्हतं.

तिसरा दोष आपल्या-परक्याचा. हेन्री ताज्फेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होते, जर्मनांचे युद्धकैदी झाले. सुटून आले तेव्हा घरच्यांपैकी जवळपास कोणी उरलं नव्हतं. पुढे ते मानसशास्त्रज्ञ झाले आणि वंशद्वेषाचं मूळ शोधताना त्यांनी एक साधा प्रयोग रचला. ब्रिस्टलमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांचे दोन गट केले, तेही किरकोळ निमित्ताने: पडद्यावरचे ठिपके जास्त मोजले की कमी, किंवा दोनपैकी कोणत्या चित्रकाराची चित्रं आवडली. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. मग पैसे वाटायला दिले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. एवढंच नव्हे, काही वेळा आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त हवं, असा पर्याय निवडला. त्यांच्यात वैर नव्हतं, इतिहास नव्हता, धर्म-भाषा काही नव्हतं. नुसती रेघ ओढली, तेवढं पुरलं.

ही रेघ जन्मजात असते का? उंदरांवरचा एक प्रयोग यावर प्रकाश टाकतो. अडकलेल्या सोबत्याला उंदीर दार उघडून सोडवतात, हे २०११ मध्ये इनबाल बेन-अमी बर्ताल यांनी दाखवलं होतं. २०१४ मध्ये त्यांना दिसलं की पांढरे उंदीर अनोळखी काळ्या-ठिपक्यांच्या उंदराला सोडवत नाहीत. पण पांढऱ्या उंदराचं पिल्लू जन्मापासून काळ्या-ठिपक्यांच्या उंदरांत वाढवलं, तर ते तशा दिसणाऱ्या अनोळख्यांना सोडवतं आणि स्वतःच्या पांढऱ्या जातभाईकडे दुर्लक्ष करतं. रंग रक्तातून येतो, ‘आपला कोण’ हे सहवासातून ठरतं. माणसाला उंदराचं माप जसंच्या तसं लावता येत नाही, पण अर्धवट मेंदू घेऊन लोकांच्या गराड्यात वाढणाऱ्या जिवाबाबत हे अगदीच अनपेक्षित नाही.

दोष मान्य केल्यावर

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ या बॉम्बफेकी विमानांचे एक विचित्र अपघात होत होते. विमान सुखरूप उतरायचं, आणि धावपट्टीवर असताना वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकंच आत ओढून घ्यायचा. विमान पोटावर बसायचं. नोंद व्हायची: वैमानिकाची चूक. अल्फोन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना दोष देण्याआधी कॉकपिटमध्ये पाहिलं. दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे होते. दुसऱ्या प्रकारच्या विमानांत ते लांब होते आणि तिथे ही चूक होत नव्हती. त्याने चाकांच्या खटक्याला रबराचं छोटं चाक बसवलं, झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. अंधारात, थकव्यात, घाबरलेल्या अवस्थेतही बोटांना कळेल असं. त्या विमानांवरचे हे अपघात थांबले. आजही प्रवासी विमानात चाकांच्या खटक्याची मूठ चाकाच्या आकाराची असते.

मला ही करुणेची फार चांगली कृती वाटते, जरी तिथे कोणाचा कंठ दाटून आला नव्हता. ‘तू दमलेला असशील आणि चुकशील’ हे आधीच गृहीत धरून केलेली ती सोय आहे.

तसंच काहीसं मोठ्या पातळीवर आंरी द्युनां या जिनिव्हाच्या व्यापाऱ्याच्या हातून घडलं. १८५९ च्या जूनमध्ये तो इटलीत आला होता तो अल्जीरियातल्या आपल्या धंद्यासाठी, फ्रान्सच्या सम्राटाकडे वशिला लावायला. २४ जूनला फ्रान्स-सार्डिनिया विरुद्ध ऑस्ट्रिया अशी सोल्फेरिनोची लढाई झाली. जवळपास ४० हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. शेजारच्या कास्तिल्योने गावात हजारो जखमी चर्चमध्ये, रस्त्यांवर, गवतावर पडलेले. गावातल्या बायका त्यांना पाणी पाजत होत्या, जखमा बांधत होत्या, आपला-शत्रू न बघता, ‘तुत्ती फ्रातेल्ली’ म्हणत, सगळे भाऊच. द्युनां काही दिवस धंदा विसरून त्यांच्यात राबला. गावकऱ्यांची ही माया त्या गावापुरती आणि त्या दिवसांपुरती राहिली असती. द्युनांने घरी परतून त्यावर पुस्तक लिहिलं आणि सुचवलं की ही व्यवस्था शांततेच्या काळातच उभी करून ठेवावी. १८६३ मध्ये रेडक्रॉसची पहिली समिती बनली, १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. त्याच्या सहाव्या कलमात लिहिलं गेलं की जखमी सैनिक कोणत्याही देशाचा असो, त्याला उचलून आणून उपचार करायचे. शत्रूबद्दल मनात माया दाटून येईल यावर ते कलम विसंबून नाही. माया नसली तरी उचलायचंच.

आणि हाच द्युनां १८६७ मध्ये दिवाळखोर झाला. जिनिव्हाच्या न्यायालयाने त्याच्यावर फसवणुकीचा ठपका ठेवला, समितीतून तो बाहेर फेकला गेला, अनेक वर्षं गरिबीत, लोकांच्या विस्मृतीत गेली. १९०१ चं पहिलं शांततेचं नोबेल त्याला फ्रेदेरिक पासी यांच्याबरोबर विभागून मिळालं. त्याचं चरित्र सांगताना लोक दिवाळखोरीचा भाग घाईघाईने उरकतात. मला तो भाग ठेवावासा वाटतो. धंद्यात बेफिकीर असलेला हाच माणूस धंद्याचं काम सोडून चर्चमध्ये पाण्याच्या बादल्या वाहत होता.

एक शंका इथे रास्त आहे. सगळ्याच दोषांना कारणं असतील, तर मग जबाबदारी कोणाचीच नाही का? खटका चुकीचा ओढणारा वैमानिक आणि जाणूनबुजून जीव घेणारा माणूस यांना एकाच पारड्यात टाकायचं का? अर्थातच नाही. दीड वर्षाच्या मुलाला पडलेला आणि फेकलेला चिमटा वेगळा कळतो, तर मोठ्यांनी ते विसरण्याचं कारण नाही. कारण समजणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. शिवाय माफी द्यायची की नाही हे ज्याला इजा झाली त्याने ठरवायचं असतं. बाजूला उभं राहून ‘आता मोठ्या मनाने सोडून दे’ असं सांगणाऱ्यांची मला चीड येते.

वर्णद्वेषी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेने या पेचावर एक वाट काढून पाहिली. १९९६ मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोगाचं काम सुरू झालं. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याबद्दल शिक्षेतून सूट मिळू शकत होती, पण एका मोठ्या अटीवर: काय केलं ते पूर्णपणे, खरंखरं सांगायचं. पश्चात्ताप दाखवण्याची सक्ती नव्हती, आणि पीडितांनी माफ करावं अशीही कायद्याची अट नव्हती. ही तडजोड सगळ्यांना मान्य नव्हती. पोलीस कोठडीत १९७७ साली मारल्या गेलेल्या, वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने न्यायालयात तिला आव्हान दिलं आणि ते हरले. सूट मागणारे अर्ज सात हजारांवर आले, बहुतेक फेटाळले गेले. बिको यांच्या मृत्यूला जबाबदार असलेल्या पोलिसांनीही अर्ज केला होता. झटापट झाली, त्यात त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं, मारण्याचा हेतू नव्हता, असंच ते सांगत राहिले. १९९९ मध्ये आयोगाने त्यांना सूट नाकारली: त्यांनी खरं सांगितलंच नव्हतं.